यांत्रिक मुखत्याराचे कागद



विमानाच्या तिकिटाचा भाव हा चळवळीच्या व्यासपीठावरून बोलण्याचा विषय आहे काय, अशी शंका कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु विमानप्रवास ही निव्वळ चैन मानण्याचा काळ आता मागे पडला आहे. रत्नागिरी-रायगडचा तरुण आखाती देशांत नोकरीला जातो तो विमानानेच जातो. घरी कोणी दगावले म्हणजे त्याला तातडीने परतावे लागते तेही विमानानेच, आणि ऐनवेळच्या तिकिटापायी त्याची कित्येक महिन्यांची शिल्लक खर्ची पडू शकते. ज्याला तारीख पुढे ढकलता येत नाही त्याच्याकडून जास्त घ्यावे, हे या धंद्यातील भावनिश्चितीचे मूळ सूत्र आहे. तेव्हा भाड्याचा प्रश्न श्रमिकांचाही आहे, याविषयी दुमत असू नये.

आजचा विषय मात्र त्याच्या एका नव्या अंगाशी संबंधित आहे. भाड्यावर पाळत ठेवण्याचे काम माणूस आता यंत्राकडे सोपवू लागला आहे. ते यंत्र कोणत्या कागदाच्या आधारे काम करते आणि तो कागद कोणी व कसा तपासावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम ही व्यवस्था समजावून घेतली पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा ‘एजंट’ म्हणजे माणसाची भाषा समजणारी आणि सोपवलेले काम टप्प्याटप्प्याने पार पाडणारी संगणकप्रणाली होय. तिला स्वतःला आजचे भाडे ठाऊक नसते. ज्या मजकुरावर ती घडवली गेली त्यानंतरचे जग तिला अज्ञात असते. म्हणून तिच्या हाती एक साधन दिले जाते. कोठून, कोठे, कोणत्या तारखेला आणि किती प्रवासी, एवढे सांगितले की ते साधन भाडे आणून देते, आणि त्याला ठराविक वेळाने पुन्हा विचारून भाव चढला की उतरला हे कळवता येते. या साधनासोबत त्याचे एक माहितीपत्रक असते. साधन कशासाठी आहे, त्याला कोणती माहिती पुरवायची आणि उत्तर कोणत्या स्वरूपात मिळेल, हे त्यात लिहिलेले असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाचा खुला संकेत प्रसिद्ध केला. त्यानंतर अशी साधने जोडण्याची एक सामाईक रीत रूढ होत गेली.

येथे एक मूलभूत बदल घडला आहे. पूर्वी यंत्रासोबत येणारी पुस्तिका माणसासाठी असे. ती वाचली काय आणि न वाचली काय, यंत्राच्या चालण्यात फरक पडत नसे. आता ते पत्रक यंत्र स्वतः वाचते आणि त्यातील वाक्यांनुसार वागते. पत्रकात ‘हे साधन सर्वांत स्वस्त तिकीट शोधून देते’ असे लिहिले असेल, तर एजंट तेच वाक्य प्रवाशाला तितक्याच ठामपणे सांगतो. वस्तुतः त्या साधनाला बाजारातील मोजक्याच कंपन्यांची भाडी दिसत असली, तरी हे एजंटला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. साधनाच्या वर्णनात दडवलेल्या सूचना वापरणाऱ्या माणसाच्या नजरेस पडत नाहीत, पण यंत्र त्या पाळू शकते, हेही संशोधकांनी २०२५ साली दाखवून दिले आहे. तात्पर्य, हे पत्रक जाहिरातही नव्हे आणि निव्वळ मार्गदर्शिकाही नव्हे. ते मुखत्यारपत्र आहे. मुखत्यारपत्रात काय लिहिले आहे हे न पाहता सही करणाऱ्याची जी गत होते, तीच ते न तपासता यंत्रावर विसंबणाऱ्याची होणार.

मांडणीच्या जोरावर बाजार कसा वळवता येतो, याचा धडा विमानव्यवसायाने फार पूर्वीच दिलेला आहे. अमेरिकेत ‘अमेरिकन एअरलाइन्स’ आणि ‘आयबीएम’ यांनी १९६० च्या दशकात ‘सेबर’ ही आरक्षणाची संगणकप्रणाली उभी केली. १९७६ पासून तिचे पडदे तिकीट-दलालांच्या कचेऱ्यांत बसू लागले. १९७८ च्या कायद्याने भाड्यांवरील सरकारी नियंत्रण उठवण्याचे ठरले, आणि त्या पडद्याला एकाएकी मोठे मोल आले. दलाल घाईत असतो. पहिल्या पडद्यावर दिसणाऱ्या उड्डाणांपैकीच एखादे तो बहुधा निवडतो. हे ओळखून प्रणालीच्या मालक कंपन्या आपली उड्डाणे वर आणि प्रतिस्पर्ध्यांची खाली दाखवू लागल्या. त्यासाठी पडद्यावरील आकडे खोटे करण्याची गरज नव्हती. लबाडी होती ती क्रमात.

१९८४ साली अमेरिकेच्या सिव्हिल एरॉनॉटिक्स बोर्डाने यावर नियम केले. उड्डाणांचा क्रम लावताना कंपनी कोणती हा निकष असता कामा नये, आणि कोणते निकष वापरले व प्रत्येकाला किती वजन दिले हे मागेल त्याला सांगितले पाहिजे, अशी त्यांतील महत्त्वाची कलमे होती. म्हणजे निकषांचे लेखी विवरण उघड करणे हा नियंत्रणाचा गाभा मानला गेला. नियंत्रणमुक्तीच्या लाटेत २००४ मध्ये हे नियम रद्द झाले. आजच्या एजंटच्या बाबतीत तोच प्रश्न अधिक तीव्र स्वरूपात उभा राहतो, कारण दलालासमोर निदान एक अख्खा पडदा तरी होता. एजंट पुष्कळदा एकच उत्तर देतो. पडद्यावर डावे-उजवे झाले तर जागरूक माणसाला दुसरी ओळ पाहता येत होती. येथे दुसरी ओळच नाही.

दुसरा धडा तळटीपांचा आहे. अमेरिकेतील विमान कंपन्या आपली भाडी ‘एअरलाइन टॅरिफ पब्लिशिंग कंपनी’ या त्यांच्याच मालकीच्या संस्थेमार्फत प्रसिद्ध करीत. भाड्यासोबत ते केव्हापासून व केव्हापर्यंत लागू राहील याच्या तारखा आणि तळटीपांच्या खुणा असत. प्रवाशाच्या दृष्टीने ही क्षुल्लक बाब होती. परंतु याच तारखा आणि खुणा वापरून कंपन्या एकमेकींना भाववाढीचे इशारे देतात आणि सवलती मागे घेण्याची बोलणी करतात, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या न्याय विभागाने डिसेंबर १९९२ मध्ये त्या संस्थेवर आणि आठ विमान कंपन्यांवर दावा दाखल केला. १९९४ पर्यंत हे प्रकरण समझोत्याने मिटले आणि अशा पूर्वघोषणांवर बंधने आली. तांत्रिक कागदातील बारीक अक्षरांकडे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आणि चळवळीतील कार्यकर्त्याने दुर्लक्ष का करू नये, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे, कॅनडातील आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये आजीच्या निधनामुळे प्रवास करावा लागलेल्या एका प्रवाशाने एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादयंत्राला शोकप्रसंगी मिळणाऱ्या सवलतीविषयी विचारले. आधी तिकीट काढा आणि नव्वद दिवसांत सवलतीसाठी अर्ज करा, असे यंत्राने सांगितले. त्याच कंपनीच्या दुसऱ्या पानावर मात्र प्रवास झाल्यावर सवलत मिळणार नाही असे लिहिलेले होते. पैसे नाकारले गेले तेव्हा प्रकरण ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या दिवाणी न्यायाधिकरणापुढे गेले. संवादयंत्र ही स्वतंत्र गोष्ट असून आपल्या बोलण्याला तेच जबाबदार आहे, अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि सुमारे ६५० कॅनेडियन डॉलर, शिवाय व्याज व शुल्क, देण्याचा आदेश दिला. रक्कम लहान आहे. तत्त्व मोठे आहे. यंत्राच्या बोलण्याची जबाबदारी यंत्राच्या मालकाची.

परंतु त्या प्रकरणात विमान, यंत्र आणि संकेतस्थळ यांचा मालक एकच होता, हे विसरता येणार नाही. भाड्यावर पाळत ठेवणाऱ्या एजंटच्या मागे अनेक हात असतात. विमान कंपनी एक, भाड्यांची माहिती पुरवणारी संस्था दुसरी, साधन लिहिणारा तिसरा, भाषेचे प्रारूप घडवणारी कंपनी चौथी, आणि ते सारे प्रवाशापुढे मांडणारा दुकानदार पाचवा. चूक झाली की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. या साखळीत कोणी काय कबूल केले होते हे ठरवण्याचा लेखी पुरावा बहुतेक वेळा एकच उरतो, आणि तो म्हणजे ते माहितीपत्रक. म्हणूनच त्याचे मूल्यमापन हे संगणकतज्ज्ञांचे खासगी काम मानता येत नाही.

मग मूल्यमापन करायचे ते कोणत्या कसोट्यांवर? भाषा सफाईदार आहे की नाही ही कसोटी नव्हे. आज सफाईदार भाषा यंत्र स्वतःच पुरवते. कसोट्या व्यवहाराच्या असल्या पाहिजेत.

पहिली कसोटी: भाव कोठला आणि केव्हाचा? विमानाचे भाडे दिवसातून अनेकदा बदलते. अनेक साधने दर वेळी मूळ ठिकाणी चौकशी न करता काही काळापूर्वी साठवून ठेवलेला भाव देतात; त्याने खर्च वाचतो. साठवण्यात गैर काही नाही. परंतु भाव किती जुना असू शकतो हे पत्रकात लिहिलेले नसेल, तर एजंट सकाळचा भाव संध्याकाळी ‘आत्ताचा’ म्हणून सांगेल आणि पैसे भरताना प्रवाशाला वेगळाच आकडा दिसेल.

दुसरी कसोटी: भाव म्हणजे नेमके काय? कर धरून की वगळून, सामानासह की सामानाविना, एका प्रवाशाचा की सर्वांचा, जाण्याचा की जाण्यायेण्याचा, रुपयांत की डॉलरांत? या प्रश्नाचे सार्वजनिक महत्त्व २०२५ च्या डिसेंबरात भारतात स्पष्ट झाले. इंडिगो कंपनीची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, इतर कंपन्यांची भाडी भडकली, आणि ६ डिसेंबर रोजी केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने देशांतर्गत भाड्यांवर तात्पुरत्या कमाल मर्यादा घातल्या: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,०००. या मर्यादांत कर आणि विमानतळाची शुल्के धरलेली नव्हती. समजा, त्या दिवसांत एखाद्या साधनाने मुंबई-गोवा प्रवासाचे भाडे ८,३०० रुपये दाखवले असते, तर मर्यादेचा भंग झाला होता की नव्हता? कर धरले आहेत की नाहीत हे पत्रकात नसेल, तर या प्रश्नाचे उत्तर यंत्रालाही देता येत नाही आणि माणसालाही देता येत नाही. एका न लिहिलेल्या शब्दामुळे कायद्याच्या अंमलबजावणीचा पुरावा निरुपयोगी ठरतो.

तिसरी कसोटी: साधन अपयशी ठरले तर ते काय सांगते? ‘भाव उतरलेला नाही’ आणि ‘भाव पाहताच आला नाही’ ही दोन अगदी भिन्न उत्तरे आहेत. दोन्ही वेळा साधन नुसते रिकामे उत्तर देत असेल, तर एजंट दुसऱ्याचा अर्थ पहिला असा घेण्याचा धोका आहे. पाळत चालू आहे या भरवशावर माणूस स्वस्थ बसतो आणि पाळत कधीच बंद पडलेली असते. त्याचप्रमाणे कोणत्या कंपन्यांची भाडी साधनाला दिसतच नाहीत, हेही स्पष्ट लिहिलेले हवे. दिसणाऱ्या भावांतील सर्वांत कमी भाव आणि बाजारातील सर्वांत कमी भाव एक नव्हेत.

चौथी कसोटी अधिकाराची आहे. साधन केवळ पाहते की विकतही घेते? घेत असेल तर किती रकमेपर्यंत, कोणाच्या अंतिम संमतीने, आणि तिकीट रद्द करावे लागले तर नुकसान कोणाचे? पाहण्याचे आणि खर्च करण्याचे अधिकार एकाच वाक्यात मिसळलेले असतील, तर तो कागद तेवढ्यावरच नापास करावा.

पाचवी कसोटी हितसंबंधांची. साधन पुरवणाऱ्याला तिकीट-विक्रीवर अडत मिळते काय, आणि मिळत असेल तर तिचा उत्तराच्या क्रमावर परिणाम होतो काय? १९८४ चे विस्मृतीत गेलेले कलम येथे पुन्हा मागण्यासारखे आहे. भारतात ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीच्या तेरा प्रकारांना प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई दाखवणे आणि किंमत हप्त्याहप्त्याने उघड करणे हे त्यांतीलच प्रकार होत. विक्रेत्याने लिहिलेले ‘दोनच जागा शिल्लक’ हे वाक्य एजंट आपल्या आवाजात प्रवाशाला ऐकवतो की त्याची शहानिशा करतो, हे पत्रकातून कळले पाहिजे.

सहावी कसोटी माहितीच्या मालकीची. कोण, केव्हा, कोठे जाऊ इच्छितो आणि त्याला किती निकड आहे, हे पाळत ठेवणाऱ्या साधनाला आपोआप समजते. ही नोंद किती दिवस राहते, ती कोणाच्या हाती जाते आणि ती पुसण्याचा अधिकार कोणाला, याविषयी मौन बाळगणारे पत्रक अपुरे समजावे.

चांगला दाखला कसा असतो, याचेही उदाहरण देणे न्याय्य ठरेल. वॉशिंग्टन विद्यापीठातील ओरेन एत्झिओनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली तिकीट आता घ्यावे की थांबावे हे सांगणारी ‘हॅम्लेट’ नावाची पद्धत मांडली. ४१ दिवसांतील १२,००० हून अधिक भावनोंदी वापरल्या आहेत, प्रवासी ३४१ असून ते खरे नसून कल्पित आहेत, बचत १,९८,०७४ डॉलरची झाली, आणि भविष्य अचूक जाणणाऱ्यालाही ३,२०,५७२ डॉलरपेक्षा अधिक वाचवता आले नसते, हे सारे त्यांनी सांगितले. म्हणजे यश किती, कशावर मोजले आणि अपुरे कोठे पडले हे वाचणाऱ्याला पडताळता येते. त्यातून पुढे ‘फेअरकास्ट’ हा व्यवसाय निघाला आणि २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला. ‘प्रवाशांचे भरपूर पैसे वाचवते’ एवढेच सांगणाऱ्या आजच्या पत्रकांच्या शेजारी त्या जुन्या निबंधाचा प्रांजळपणा उठून दिसतो.

कागद वाचून झाला म्हणजे परीक्षा संपत नाही. त्यातील प्रत्येक विधान प्रत्यक्षाशी ताडून पाहावे लागते. पत्रकातील नमुना जसाच्या तसा चालवून पाहावा. त्याच मिनिटाला कंपनीच्या स्वतःच्या विक्रीठिकाणी भाव पाहून दोन्ही आकडे वेळेसह लिहून ठेवावेत. मुद्दाम चुकीची तारीख देऊन साधन काय उत्तर देते ते पाहावे. हे काम करण्यासाठी पदवी लागत नाही. लागते ती चिकाटी आणि हिशेबाची वही.

महाराष्ट्राला या प्रश्नाचे मर्म परके नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. दंगा पसरला तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जखतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर होता. ठिकठिकाणी ती कागदपत्रे हिसकावून जाळण्यात आली. कारण उघड होते. आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदाने आपली जमीन जाते, हे त्यांना अनुभवाने कळले होते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने त्यावर जे उपाय योजले, त्यांत खत गावनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावे आणि सावकाराने पावती व लेखी हिशेब द्यावा, यांचा समावेश होता. कायद्याच्या मर्यादा अनेक होत्या; पण ज्याच्यावर कागदाचा परिणाम होतो त्याला तो कळला पाहिजे आणि लिहिण्यावर तिऱ्हाइताची नजर हवी, ही दोन तत्त्वे तेव्हा मान्य झाली. आज कागद जाळून भागणार नाही. तो यंत्राच्या पोटात आहे.

म्हणून मागणी कोणती करायची हे स्पष्ट असले पाहिजे. साधनाचे माहितीपत्रक यंत्राला जसे दिले जाते तसेच, एकही ओळ न वगळता, वापरणाऱ्याला पाहता आले पाहिजे. त्याचा सोपा गोषवारा मराठीत आणि इतर भारतीय भाषांत असला पाहिजे. पत्रकात बदल झाला की तारखेसह त्याची नोंद राहिली पाहिजे, आणि पत्रकातील विधानाला पुरवठादार कायद्याने बांधला गेला पाहिजे. याच्याही पुढे एक पाऊल टाकावे लागेल. अशा साधनांतून जमणाऱ्या भावनोंदी आज खासगी मालमत्ता आहेत. एकट्या प्रवाशाला त्यांतून फार तर चार पैशांची बचत होते. सार्वजनिक नोंदवहीत त्या आल्या तर पूर, संप वा सणासुदीच्या काळात कोणी किती लुबाडले याचा तो पुरावा होईल.

विमानाच्या भाड्याचे निमित्त येथे यासाठी घेतले की त्यातील डावपेच जुने आणि नोंदलेले आहेत. उद्या हाच एजंट शेतकऱ्याला कांद्याचा बाजारभाव सांगेल. तो भाव कोणत्या बाजार समितीचा, कोणत्या दिवसाचा, किमान की कमाल, आणि आवक किती असताना निघालेला, हे प्रश्न तेव्हाही असेच विचारावे लागतील. त्याची सवय आजपासून केली पाहिजे. प्रत्येक तालुक्यातील दोन-तीन कार्यकर्त्यांनी रोजच्या वापरातील एखादे साधन निवडावे, त्याचे पत्रक या सहा कसोट्यांवर तपासावे आणि जे आढळेल ते तारीखवार लिहून ग्राहक संघटनांकडे द्यावे. यंत्राला आपला मुखत्यार नेमायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण मुखत्यारपत्र वाचून दाखवण्याची जबाबदारी चळवळीने उचलली पाहिजे.